राऊटरच्या यूएसबी पोर्टवरून प्रिंटर, डिस्क आणि डोंगल: कुठलं चालेल, कुठलं चालणार नाही आणि कुठलं चालवू नये

प्रश्न निपाणीहून आला आहे. कर सल्लागाराचं ऑफिस. खाली तीन कॉम्प्युटर, माडीवर घरात एक लॅपटॉप. वस्तू अशा: कॅनन एलबीपी २९०० लेझर प्रिंटर, बिलांसाठी एक डॉट मॅट्रिक्स, एक फ्लॅटबेड स्कॅनर, एक टेराबाइटची पोर्टेबल हार्ड डिस्क आणि ग्राहकांच्या डिजिटल सहीचे डोंगल. सगळं यूएसबीचं. नव्या राऊटरच्या पाठीमागे एक यूएसबी पोर्ट आहे. त्याला हब (एका पोर्टची अनेक पोर्ट करणारा डबा) लावून सगळं तिथंच जोडलं, तर चारही कॉम्प्युटरवरून वापरता येईल का? आणि शेवटी जोडून विचारलंय की बेळगावला उद्यमबागेत भावाचं मशीन शॉप आहे, तिथं सीएनसी (प्रोग्रॅमवर चालणाऱ्या) मशीनला लांब सीरियल केबलनं प्रोग्रॅम पाठवतात, ते काम राऊटरवरून होईल का?

आधी उत्तर सांगतो. डॉट मॅट्रिक्स बहुतेक चालेल. लेझर प्रिंटर तुम्ही समजताय त्या पद्धतीनं चालणार नाही. स्कॅनर जिथं आहे तिथंच राहू द्या. डिस्क चालेल, पण त्यावर टॅलीचा, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा, डेटा ठेवू नका. डोंगल तांत्रिकदृष्ट्या चालवता येतील, तरी ते चालवू नका. सीएनसीचं काम होईल, पण ते राऊटरच्या यूएसबी पोर्टचं काम नाही, त्याला वेगळा डबा लागतो.

पाच वस्तूंची पाच उत्तरं का, ते समजून घेतलंत तर पुढे दुकानदार काय सांगतो त्यावर अवलंबून राहावं लागणार नाही. यूएसबीची मूळ रचनाच एका मालकाची आहे. केबलच्या एका टोकाला होस्ट, म्हणजे हुकूम देणारा कॉम्प्युटर, आणि दुसऱ्या टोकाला हुकूम पाळणारी वस्तू. एका वस्तूला एका वेळी दोन होस्ट असू शकत नाहीत. तुम्ही प्रिंटर राऊटरला जोडला की त्याचा होस्ट राऊटर झाला. आता त्या प्रिंटरशी बोलायचं कसं हे राऊटरला माहीत असलं पाहिजे, किंवा माहीत नसलं तर त्यानं निदान ती केबलच नेटवर्कवरून तुमच्या कॉम्प्युटरपर्यंत लांबवली पाहिजे. या दोन गोष्टी पूर्ण वेगळ्या आहेत आणि खोक्यावर दोन्हींना ‘यूएसबी शेअरिंग’ असंच लिहिलेलं असतं. गोंधळ सगळा तिथंच आहे.

पहिल्या प्रकारात राऊटर काम वाटतो. प्रिंटरसाठी तो एक छोटा प्रिंट सर्व्हर चालवतो. पोर्ट ९१०० वर (हा पोर्ट म्हणजे केबलची खाच नव्हे, नेटवर्कवरच्या दरवाजाचा क्रमांक) येईल तो डेटा जसाच्या तसा यूएसबीत ओततो; कधी ५१५ वर एलपीडी, कधी ६३१ वर आयपीपी या छपाईच्या दुसऱ्या पद्धती असतात. डिस्कसाठी तो फाईल सर्व्हर होतो आणि विंडोजला शेअर केलेला फोल्डर दिसतो. या प्रकारात अनेक जण एकाच वेळी वापरू शकतात, कारण मालक राऊटर आहे आणि बाकीचे नुसते मागणी करणारे.

दुसऱ्या प्रकारात राऊटर केबलच वाटतो. तुमच्या कॉम्प्युटरवर कंपनीचं एक सॉफ्टवेअर टाकावं लागतं. टीपी-लिंकचं ‘यूएसबी प्रिंटर कंट्रोलर’ हे त्यातलंच. डी-लिंकचं ‘शेअरपोर्ट’ही तसंच. लिनक्समध्ये हेच काम यूएसबी-आयपी करतं. २०१४ पासून ते कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, मुख्य भागात आहे आणि पोर्ट ३२४० वापरतं. यात विंडोजला वाटतं की वस्तू आपल्याच पोर्टला लागली आहे. त्यामुळे जवळपास काहीही चालतं, अगदी स्कॅनरसुद्धा. पण नळाला एका वेळी एकच घागर लागते. एकानं वस्तू ‘कनेक्ट’ केली की तो सोडेपर्यंत बाकीच्यांनी थांबायचं.

आता तुमच्या लेझर प्रिंटरकडे येऊ, कारण आपल्या भागात सगळ्यात जास्त वेळ याच्यात जातो. खानापूर, बेळगाव, निपाणी, चिक्कोडी, कुठल्याही झेरॉक्स सेंटरात, वकिलाच्या ऑफिसात किंवा सौहार्द सोसायटीत जा, एलबीपी २९०० नाहीतर एचपी लेझरजेट १०२० दिसेलच. टोनर सगळीकडे मिळतो, दुरुस्त करणारा गावात असतो, मशीन दणकट. पण स्वस्त ठेवण्यासाठी या प्रिंटरांतली अक्कल काढून कॉम्प्युटरकडे दिलेली आहे. महागडा ऑफिस प्रिंटर पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्ट ही भाषा स्वतः समजतो; त्याला पान पाठवलं की तो स्वतः ते रचतो. एलबीपी २९०० ला पान रचता येत नाही. रचलेलं पान त्याला कॉम्प्युटरवरचा ड्रायव्हर कॅननच्या कॅप्ट नावाच्या पद्धतीनं देतो, आणि देताना सारखा विचारत राहतो: तयार आहेस का, कागद ओढलास का, पुढचा तुकडा देऊ का. म्हणजे संवाद दोन्ही बाजूंनी लागतो. राऊटरचं पोर्ट ९१०० बहुधा नुसतं एका बाजूनं ओततं. म्हणून काम ‘पाठवलं’ असं दिसतं आणि प्रिंटर हिरवा दिवा लावून गप्प बसतो. ड्रायव्हर पुन्हा टाकून, केबल बदलून यात काही फरक पडत नाही.

एचपी १०२० चं दुखणं वेगळं आहे. त्याचं फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारं आतलं सॉफ्टवेअर, त्याच्या पोटात कायमचं राहत नाही. प्रत्येक वेळी प्रिंटर चालू झाला की कॉम्प्युटरवरचा ड्रायव्हर ते त्याला पाठवतो, मगच तो छापायला तयार होतो. राऊटरला हे माहीत नसतं. कॉम्प्युटरला जोडून सुरू केला आणि चालू असतानाच केबल काढून राऊटरला लावली तर चालतो, आणि लोक समजतात काम झालं. संध्याकाळी पावसात लाईट जाते, येते, आणि सकाळी प्रिंटर मुका. ओपनडब्ल्यूआरटी (राऊटरसाठीचं लिनक्स) टाकलेल्या राऊटरमध्ये प्रिंटर दिसताच आधी फर्मवेअर पाठव अशी छोटी स्क्रिप्ट बसवता येते आणि ती नीट चालते. पण हे काम आवड असणाऱ्यानं करायचं. सोमवारी सकाळी रिटर्न भरायला गिऱ्हाईक बसलेलं असताना शिकायचं हे काम नव्हे.

मग २९०० चं काय करायचं? माझा सल्ला साधा आहे. तो खालच्या ज्या कॉम्प्युटरवर सर्वांत जास्त वेळ काम चालतं त्याला यूएसबीनं जोडा आणि विंडोजमधून शेअर करा. तो कॉम्प्युटर होस्ट राहील, दोन्ही बाजूंचा संवाद तोच करेल, आणि बाकीचे त्याच्याकडे काम पाठवतील. त्या कॉम्प्युटरची स्लीप बंद करा, नेटवर्क ‘प्रायव्हेट’ करा, शेअरचं नाव छोटं आणि इंग्रजी अक्षरांत मोकळी जागा न सोडता ठेवा, आणि त्यावर पासवर्ड असलेलं एक वेगळं युजर खातं करा.

इथं एक अडचण हमखास येईल. २०२१ च्या जुलैमध्ये विंडोजच्या प्रिंट स्पूलरमधली (छपाईची कामं रांगेत लावणाऱ्या भागातली) ‘प्रिंटनाईटमेअर’ नावानं गाजलेली गंभीर त्रुटी उघड झाली. ती आणि तिच्यासारख्या इतर त्रुटी बुजवणारे अपडेट येत गेले आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून शेअर केलेला प्रिंटर जोडताना ०x०००००११बी हा एरर सगळीकडे दिसायला लागला. यावर रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदवहीत) एक किंमत शून्य करण्याचा उपाय हातोहात फिरतो. तो चालतो, पण त्यानं अपडेटनं दिलेलं संरक्षणच बंद होतं. तुमच्या ऑफिसात शेकडो लोकांचे पॅन आणि बँकेचे तपशील आहेत, त्यामुळे मी तो उपाय तुम्हाला सुचवणार नाही. त्याऐवजी असं करा. दुसऱ्या कॉम्प्युटरवर कॅननचा ड्रायव्हर आधी तिथंच पूर्ण टाका. मग प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये पोर्ट्स या पानावर नवीन ‘लोकल पोर्ट’ तयार करा आणि त्याचं नाव म्हणून दोन उलट्या तिरक्या रेघा, होस्ट कॉम्प्युटरचं नाव, एक उलटी तिरकी रेघ आणि प्रिंटरचं शेअर नाव, असं जोडून लिहा. त्याआधी क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये (विंडोजच्या पासवर्ड जपून ठेवण्याच्या सोयीत) होस्टवर केलेल्या खात्याचं नाव आणि पासवर्ड भरून ठेवा. यात ड्रायव्हर होस्टकडून ओढला जात नाही, त्यामुळे बहुतेक ठिकाणी तो एरर येतच नाही.

कॉम्प्युटर सतत चालू ठेवायचा नसेल तर दुसरा रस्ता राऊटर कंपनीच्या ‘केबल वाटणाऱ्या’ सॉफ्टवेअरचा आहे, पण त्या राऊटरच्या सुसंगत प्रिंटरांच्या यादीत २९०० आहे का हे विकत घ्यायच्या आधी बघा. तिसरा रस्ता म्हणून लोक रास्पबेरी पाय हा लिनक्सवर चालणारा छोटा, स्वस्त कॉम्प्युटर सुचवतात. एचपी १०२० साठी तो उत्तम आहे. २९०० साठी मात्र कॅननचा लिनक्स ड्रायव्हर इंटेल पद्धतीच्या प्रोसेसरसाठी बनवलेला आहे, पायच्या एआरएम प्रोसेसरवर तो चालत नाही. हे न सांगता पाय गळ्यात मारला जातो. लिनक्सच करायचं असेल तर अडगळीतला जुना डेस्कटॉप घ्या.

डॉट मॅट्रिक्स ही यातली सर्वांत जुनी वस्तू, आणि राऊटरला जोडायला तीच सर्वांत सोपी. कारण तिला स्वतःची भाषा येते. एप्सनची ईएससी-पी पद्धत ती सांभाळते. राऊटरनं नुसता डेटा ओतला तरी ओळी छापल्या जातात. विंडोजमध्ये प्रिंटर टाकताना ‘स्टँडर्ड टीसीपी-आयपी पोर्ट’ निवडा, राऊटरचा पत्ता द्या, प्रोटोकॉल ‘रॉ’, पोर्ट ९१००. विंडोज आपणहून डब्ल्यूएसडी पोर्ट सुचवेल, तो घेऊ नका. आणि त्याच पानावर तळाला ‘एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड’ अशी खूण असते, ती काढून टाका. ही एक खूण न काढल्यामुळे चांगले प्रिंटर ‘ऑफलाइन’ दिसतात. विंडोज राऊटरला प्रिंटरची तब्येत विचारतं, राऊटरकडे उत्तर नसतं, आणि विंडोज समजतं प्रिंटर गेला. पोर्ट्स या पानावरची ‘बायडायरेक्शनल सपोर्ट’ची खूणही काढा.

बिलाचं सॉफ्टवेअर जुनं डॉसमधलं असेल आणि ते थेट एलपीटी१ ला (जुन्या प्रिंटर पोर्टला) छापत असेल, तर ‘नेट यूज’ या कमांडनं एलपीटी१ शेअर केलेल्या प्रिंटरकडे वळवावा लागतो. ते वळवणं विंडोजमधल्या शेअरकडेच होतं, राऊटरच्या पोर्ट ९१०० कडे होत नाही. म्हणून प्रिंटर राऊटरवर असला तरी एका कॉम्प्युटरवर तो टाकून तिथून पुन्हा शेअर करायचा. आणि मराठी किंवा कन्नड मजकूर डॉट मॅट्रिक्सवर सावकाश का येतो असं कुणी विचारलं, तर त्याचा नेटवर्कशी संबंध नाही. नेहमीच्या डॉट मॅट्रिक्सच्या पोटात इंग्रजी अक्षरं असतात, देवनागरी आणि कन्नड नसतात, त्यामुळे विंडोज ती चित्र म्हणून पाठवतं.

स्कॅनरबद्दल फार लिहीत नाही. विंडोज यूएसबी स्कॅनर शेअर करत नाही, राऊटरचा प्रिंट सर्व्हरही करत नाही. ‘केबल वाटून’ तो चालतो, पण माडीवरून स्कॅन करणाऱ्याला कागद ठेवायला खाली यावंच लागतं. मग तो खालीच कॉम्प्युटरला जोडा, स्कॅन एका ठरलेल्या शेअर फोल्डरमध्ये पडेल असं करा, आणि माडीवरून फाईल उघडा.

यातलं काहीही जोडण्याआधी एक गोष्ट तपासा, कारण ती चुकली असेल तर वरचं सगळं बरोबर करूनही हाती काही लागणार नाही. तुमच्याकडे फायबरवाल्यानं बसवलेला डबा आणि तुम्ही घेतलेला राऊटर, असे दोन राऊटर आहेत. फायबरचा डबा हाही राऊटरच असतो आणि त्याचं स्वतःचं वाय-फाय असतं. खालचे कॉम्प्युटर तुमच्या राऊटरवर आणि माडीवरचा लॅपटॉप फायबरच्या वाय-फायवर असेल, तर इंटरनेट दोन्हीकडे चालतं, पण ती दोन वेगळी नेटवर्क आहेत. प्रत्येक कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ द्या. एकाचा पत्ता १९२.१६८.१ नं आणि दुसऱ्याचा १९२.१६८.० नं सुरू होत असेल, तर माडीवरून खालचा प्रिंटर दिसणार नाही. उपाय म्हणजे तुमचा राऊटर ‘ॲक्सेस पॉइंट मोड’मध्ये टाकणं. पत्ते वाटण्याचं काम एकट्या फायबरच्या डब्याकडे राहील आणि सगळे एका नेटवर्कवर येतील. काही राऊटरांमध्ये या मोडमध्ये यूएसबीच्या सोयी बंद होतात. तसं असेल तर उलट करा: फायबरच्या डब्याचं वाय-फाय बंद आणि सगळे तुमच्या राऊटरवर.

मग पत्ते पक्के करा. राऊटर आज एक पत्ता देतो, लाईट जाऊन आल्यावर दुसरा देतो, आणि प्रिंटर ‘हरवतो’. पत्ते वाटणाऱ्या राऊटरच्या डीएचसीपी रिझर्व्हेशन या सेटिंगमध्ये होस्ट कॉम्प्युटरचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) टाकून त्याला कायमचा आयपी द्या. राऊटर स्वतः ॲक्सेस पॉइंट झाला असेल तर त्याचाही पत्ता ठरवून टाका. आणि ऑफिसात येणाऱ्या गिऱ्हाइकांना वाय-फायचा पासवर्ड देत असाल तर तो ‘गेस्ट’ नेटवर्कचा द्या. गेस्टवरच्या माणसाला तुमचा प्रिंटर आणि फोल्डर दिसत नाहीत, आणि तेच हवं आहे.

डिस्ककडे वळू. पोर्टेबल डिस्क चालू होताना बऱ्यापैकी करंट ओढते. यूएसबी २ पोर्टची अधिकृत मर्यादा ५०० मिलिअँपिअर आहे, यूएसबी ३ ची ९००. स्वस्त हबला लावलेली डिस्क टिकटिक आवाज करते आणि गायब होते, ती बिघडलेली नसते, उपाशी असते. हब घ्यायचाच तर स्वतःचा अडॅप्टर असलेला घ्या. डिस्क यूएसबी ३ ची असेल तर ती राऊटरच्या अँटेनापासून लांब ठेवा. यूएसबी ३ च्या केबलमधून होणारा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायमध्ये मिसळतो. इंटेलनं २०१२ मध्येच हे मोजून दाखवलं आहे. एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेल्या डिस्कवर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल बसत नाही, त्यामुळे बॅकअप अर्ध्यात थांबला तर आधी हे बघा.

विंडोजवरून डिस्क दिसतच नसेल तर राऊटर बहुधा एसएमबीची (विंडोजच्या फाईल शेअर करण्याच्या पद्धतीची) जुनी, पहिली आवृत्ती वापरतो आहे. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा व्हायरस याच आवृत्तीतल्या छिद्रातून जगभर पसरला, आणि त्याच वर्षाच्या शेवटी आलेल्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून ती नव्या इन्स्टॉलमध्ये येतच नाही. ‘एसएमबी १ चालू करा, लगेच दिसेल’ असा सल्ला मिळेल आणि तो खराही आहे. तरीसुद्धा चालू करू नका. राऊटरचं फर्मवेअर अपडेट करून दुसरी आवृत्ती मिळते का बघा, आणि नाही मिळाली तर ती डिस्क होस्ट कॉम्प्युटरला लावून तिथून शेअर करा. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत प्रो वर बिनपासवर्डची ‘गेस्ट’ जोडणीही नाकारली जाते. त्यामुळे डिस्कला नाव आणि पासवर्ड ठेवावाच लागेल, आणि आधार-पॅनच्या प्रती ठेवणाऱ्या ऑफिसात तो असायलाच हवा.

टॅली. हे मनापासून सांगतो, कारण यात लोकांच्या वर्षभराच्या नोंदी जातात. राऊटरचा प्रोसेसर लहान, मेमरी थोडी. त्यावरच्या डिस्कवर टॅलीचा डेटा ठेवून तीन जणांनी एकदम उघडला की आधी सगळं सावकाश होतं, आणि नोंद लिहिली जात असताना लाईट गेली तर फाईल तुटते. डेटा एका चांगल्या कॉम्प्युटरवर, यूपीएसखाली ठेवा. एकाच वेळी अनेकांनी वापरायचं तर परवाना गोल्ड लागतो, सिल्व्हर एकट्यासाठी आहे. राऊटरवरची डिस्क रात्रीच्या बॅकअपसाठी वापरा, तिथं ती योग्य आहे. शिवाय एक प्रत आठवड्यातून एकदा दुसऱ्या डिस्कवर घेऊन ती डिस्क काढून कपाटात ठेवा. रॅन्समवेअर, म्हणजे खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, नेटवर्कवर दिसणारी प्रत्येक डिस्क कुलूपबंद करतं, कपाटातली करू शकत नाही.

आता डोंगल. तुम्ही लिहिलंय की ग्राहकांचे आठ-दहा डोंगल ड्रॉवरमध्ये असतात आणि ज्याला लागेल तो ते काढून लावतो, म्हणून सगळे हबला लावून ठेवले तर बरं. तांत्रिक उत्तर असं की यूएसबी-आयपीनं हे होतं. सहीची खासगी किल्ली डोंगलच्या आत राहते, बाहेर येत नाही, आणि कॉम्प्युटरला डोंगल जवळच आहे असं वाटतं. पण डोंगलची सगळी सुरक्षा दोन गोष्टींवर उभी आहे: तो हातात असणं आणि पिन माहीत असणं. तो कायम नेटवर्कवर लावून ठेवला की पहिली गोष्ट संपली. पिन तर बहुतेक ऑफिसांत चिठ्ठीवर डोंगलला चिकटवलेलाच असतो. मग तुमच्या वाय-फायवर आलेला कुणीही, किंवा एका कॉम्प्युटरमध्ये शिरलेलं एखादं सॉफ्टवेअर, त्या माणसाच्या नावानं सही करू शकतं. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४२ नं आपली खासगी किल्ली ताब्यात ठेवण्यासाठी योग्य ती काळजी घेण्याची जबाबदारी सहीच्या मालकावर टाकली आहे. उद्या टेंडरवरून किंवा रिटर्नवरून वाद झाला तर तुमचा ग्राहक अडचणीत येईल, आणि त्याच्यामागून तुम्ही.

त्यामुळे निम्मे डोंगल लागूच नयेत असं बघा. एकट्या मालकाच्या किंवा भागीदारीच्या व्यवसायाला जीएसटीत ओटीपीवर चालणारं ईव्हीसी पुरतं. कंपनी आणि एलएलपीला (मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीला) डोंगल लागतो. व्यक्तीचं आयकर रिटर्न आधार ओटीपीनं पडताळता येतं. टेंडर भरणाऱ्या ठेकेदाराला डोंगल लागतोच, त्याला तो घेऊन यायला सांगा आणि पिन त्यालाच घालू द्या. माडीवर बसून तुमचा स्वतःचा डोंगल खालच्या कॉम्प्युटरवर वापरायचा असेल तर विंडोजचं रिमोट डेस्कटॉप स्मार्ट कार्ड पुढे नेतं. डोंगल तुमच्या हाताजवळच्या लॅपटॉपला, काम खालच्या कॉम्प्युटरवर. त्यासाठी खालच्या कॉम्प्युटरवर विंडोजची प्रो आवृत्ती लागते.

सुरक्षेचाच विषय निघालाय तर राऊटर कंपन्यांच्या ‘केबल वाटणाऱ्या’ सोयीबद्दलही सांगायला हवं. अनेक कंपन्यांच्या राऊटरांत यासाठी नेटयूएसबी हा एकच तयार घटक वापरलेला आहे, तो पोर्ट २०००५ वर ऐकतो. त्यात २०१५ मध्ये एक आणि पुन्हा जानेवारी २०२२ मध्ये दुसरी गंभीर त्रुटी जाहीर झाली. सोय वापरायची तर फर्मवेअर अद्ययावत ठेवा, आणि वापरायची नसेल तर सेटिंगमध्ये बंदच करा. बाहेरगावाहून प्रिंट देता यावी म्हणून पोर्ट ९१०० इंटरनेटवर फॉरवर्ड करून ठेवलेला मी आपल्याकडे पाहिला आहे. तसं कधीही करू नका. २०१८ मध्ये जगभरच्या अशा उघड्या प्रिंटरांवर एकानं हजारोंच्या संख्येनं स्वतःची पत्रकं छापली होती. बाहेरून यायचंच असेल तर वायरगार्डसारखा व्हीपीएन (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कवर येण्याचा कुलूपबंद रस्ता) लावा.

लाईटचा विषय आपल्या भागात टाळता येत नाही. खानापूरकडे पावसाळ्यात काय होतं ते सांगायला नको, आणि निपाणीतही वळवाच्या पावसात तारा तुटतात. फायबरचा डबा आणि राऊटर दोन्ही १२ व्होल्टच्या छोट्या यूपीएसवर घाला. अडॅप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर वाचून मगच घ्या, सगळे राऊटर १२ व्होल्टचे नसतात. लेझर प्रिंटर कॉम्प्युटरच्या यूपीएसला लावू नका. त्याचा फ्युझर (टोनर कागदावर वितळवून चिकटवणारा भाग) तापताना एकदम मोठा करंट ओढतो आणि यूपीएस बंद पडतो, सोबत टॅली चालू असलेला कॉम्प्युटरही. खालून माडीवर केबल टाकायची तर लॅनची टाका. यूएसबी २ ची केबल ५ मीटरपर्यंतच भरवशाची, लॅन १०० मीटरपर्यंत. ती केबल घराबाहेरून, गच्चीवरून नेऊ नका, विजेच्या दिवसांत दोन्ही टोकांची यंत्रं जातात.

आता भावाचं मशीन शॉप. सीएनसीला प्रोग्रॅम आरएस-२३२ या जुन्या सीरियल जोडणीवरून जातो. त्याची केबल १५ मीटरच्या आसपास ठीक असते. त्यापुढे वेग कमी करत जावं लागतं आणि शॉपमधल्या मोटारींचा गोंगाट केबलमध्ये शिरतो. त्याहून वाईट म्हणजे मशीनच्या आणि ऑफिसातल्या कॉम्प्युटरच्या अर्थिंगमध्ये फरक असला की तो फरक या केबलमधून वाहतो आणि पोर्ट जळतो. यासाठी ‘सीरियल डिव्हाइस सर्व्हर’ नावाचा डबा मिळतो. एका बाजूला नऊ पिनांचा सीरियल पोर्ट, दुसऱ्या बाजूला लॅन. तो मशीनच्या पॅनेलजवळ बसवायचा, छोटी सीरियल केबल मशीनला, लॅन केबल स्विचपर्यंत. लॅनच्या पोर्टमध्ये ट्रान्सफॉर्मर असल्यामुळे अर्थिंगचा फरक पलीकडे जात नाही. कॉम्प्युटरवर डब्याचा ड्रायव्हर टाकला की नवीन कॉम पोर्ट दिसतो आणि प्रोग्रॅम पाठवणारं जुनं सॉफ्टवेअर काही न बदलता त्यावर चालतं.

वेग, डेटा बिट, पॅरिटी आणि स्टॉप बिट मशीनच्या पॅरामीटरमध्ये जे आहेत तेच डब्यात ठेवा. कंट्रोलरवर ७ बिट आणि इव्हन पॅरिटी असेल आणि तुम्ही सवयीनं ८ बिट, पॅरिटी नाही असं ठेवलंत तर स्क्रीनवर अलार्म येईल. मात्र खरा धोका वेगळ्या ठिकाणी आहे. मोठा साच्याचा प्रोग्रॅम मशीनच्या मेमरीत मावत नाही, तेव्हा तो चालता चालता थोडा थोडा पाठवतात. मशीनची मेमरी भरली की ते ‘थांब’ असा एक्सऑफ संकेत देतं. तो संकेत नेटवर्कवरून कॉम्प्युटरपर्यंत पोहोचून परत यायच्या आत डब्यात साठलेला डेटा मशीनमध्ये ओतला जातो आणि मधली काही अक्षरं गळतात. एक आकडा गळला की टूल जॉबमध्ये, म्हणजे कापायच्या तुकड्यात, घुसतं. म्हणून एक्सऑन-एक्सऑफ (‘चालू दे’ आणि ‘थांब’) डब्याच्या स्वतःच्या सेटिंगमध्येच चालू करायचं, म्हणजे थांबवणं मशीनच्या शेजारीच होतं. आणि वाय-फायवर हे काम करू नये, लॅनच टाकावी.

बसवल्यावर लगेच जॉब लावायला सांगू नका. मशीनच्या मेमरीत मावेल असा एक लांबसा प्रोग्रॅम नव्या जोडणीनं पाठवा, मशीनवरून तोच परत कॉम्प्युटरवर घ्या, आणि दोन्ही फाईली सॉफ्टवेअरमध्ये शेजारी ठेवून ओळीनं ओळ तपासा. मशीननं सुरुवातीला आणि शेवटी घातलेली टक्क्याची खूण किंवा मोकळ्या जागा सोडल्या तर काहीच फरक दिसता कामा नये. शॉपमधल्या सगळ्या मोठ्या मोटारी चालू असतानाही हीच तपासणी एकदा करा. नंतर मेमरीत न मावणारा एक मोठा प्रोग्रॅम झेड अक्ष वर घेऊन, जॉब न लावता, पूर्ण चालवून बघा. तोवर जुनी सीरियल केबल काढू नका.